शाब्बास

"शाब्बास," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. खोली लहान होती. जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं टेबल, दोन खुर्च्या, अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगाने रंगवलेली खिडकी, आणि टेबलाच्या तिच्या बाजूला खाली, गुडघ्याला लागेल असं घंटेचं बटण. अशा खोलीत शब्द कुठे निघून जात नाही. भिंतीला लागून परत येतो. समोर बसलेल्या माणसाने नुकतंच उत्तर दिलं होतं. माझा वकील माझ्या बाजूने बोलतो, सरकारी वकील मी गुन्हा केला असं दाखवायला बघतो, न्यायाधीश दोघांचं ऐकतात आणि मग ठरवतात. थोडं थांबून, कुणी न विचारता, "ते कुणाच्याच नात्यातले नसतात," असं त्याने वर जोडलं होतं. हे शेवटचं वाक्य इस्पितळाच्या वॉर्डात खटल्याबद्दल शिकवतात त्यातलं नव्हतं. ते त्याचं होतं. थंडीच्या दिवसांत हाच माणूस न्यायाधीश म्हणजे आपण काम करायचो त्या लाँड्रीचा मालक असं सांगत होता, आणि आपले श्वास मोजायचं काम मालकानेच मुकादमाला लावून दिलंय असं म्हणत होता. तिथून तो इथपर्यंत आला होता. गोळ्यांनी आणला होता, वॉर्डातल्या शिकवणीने आणला होता. तिला बरं वाटलं. एवढंच झालं. बरं वाटलं आणि ते तोंडावाटे बाहेर पडलं. तिने जीभ चावली, पण समोरचा माणूस तोवर सरळ होऊन बसला होता. त्याचे हात, जे इतका वेळ टेबलावर अदृश्य चादरीची घडी घालत होते, ते थांबले. तो हसला नाही. त्याने फक्त तिच्याकडे नीट पाहिलं, इतक्या भेटींत पहिल्यांदाच, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागला.

तिचं काम सांगायला सोपं होतं. नात्यातल्या कुणाच्या घरी चार माणसं जमली की एखादे काका विचारायचेच, "म्हणजे वेडाचं सोंग घेणाऱ्यांना तू पकडतेस, असंच ना?" ती म्हणायची, तसं नाही काका. दोन प्रश्न असतात. एक आजचा आणि एक त्या दिवसाचा. आजचा प्रश्न असा की, या माणसाला आपल्यावर खटला चाललाय हे समजतं का, कोण काय करतंय ते समजतं का, आपल्या वकिलाला तो चार गोष्टी सांगू शकेल का. समजत नसेल तर खटला थांबतो, कारण झोपलेल्या माणसाशी भांडता येत नाही. आणि त्या दिवसाचा प्रश्न असा की, त्याने जे केलं ते करताना आपण काय करतोय आणि ते वाईट आहे, हे त्याला कळत होतं का. कळत होतं तर तुरुंग, कळत नव्हतं तर इस्पितळ. काका म्हणायचे, "मग त्यालाच विचारायचं की." ती म्हणायची, त्यालाच तर विचारते. यावर सगळे हसायचे आणि कुणीतरी म्हणायचं, आम्हांला नको हो विचारू, आम्ही आत जाऊ. ती पण हसायची. काकांचं म्हणणं इतकं बरोबर आहे, हे तिला तेव्हा जाणवत नसे. शेवटी तिच्याकडे यंत्र नव्हतं, रक्ताची तपासणी नव्हती. एक माणूस, समोर दुसरा माणूस, आणि मध्ये प्रश्न. म्हणूनच तिला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या विद्यार्थ्यांना आरशासमोर बसवलं होतं. आरशात बघत प्रश्न विचारायचे आणि चेहरा हलू द्यायचा नाही. मान डोलली तर सर मागून पेन्सिल टेबलावर आपटायचे. "ही मान म्हणजे उत्तर आहे," ते म्हणायचे. "तुम्ही त्याला उत्तर दिलंत. आता तो तुम्हांला तेच परत देईल, आणि तुम्ही म्हणाल, वा, याला किती समजतं." वर्ग हसायचा. ती हसत नसे. सगळ्यांत आधी तिची मान हलायची थांबली होती आणि सरांनी तिला पुढे बसवलं होतं. "बाईंचा चेहरा बघा," ते इतरांना सांगायचे. "धुतलेली पाटी." तिला त्याचा अभिमान होता. घरी नवरा म्हणायचा, तू रागावलीस की खूश आहेस हे कळायला तुझ्यावर एक दिवा बसवून घ्यायला पाहिजे.

आणि आता शाब्बास. ती पुढचा प्रश्न विचारायच्या आधी थोडी थांबली. तिथेच उठायला हवं होतं. उठून, आज पुरे म्हणून, घंटेचं बटण दाबून बाहेर जायला हवं होतं. पण उद्या सकाळी न्यायालयात तिची साक्ष होती, आणि एकच गोष्ट विचारायची राहिली होती. राहिली होती म्हणजे आधीच्या भेटीत विचारली होती, उत्तरही मिळालं होतं, पण तेव्हा तो अजून धुक्यात होता. आता धुकं गेलंय तर पुन्हा एकदा विचारून घ्यावं, असं तिने सकाळीच ठरवलं होतं. लाँड्रीच्या मागच्या जिन्यावरून त्याने मुकादमाला ढकललं, याबद्दल कुणाचा वाद नव्हता. तोही नाही म्हणत नव्हता. पण ढकलल्यावर तो जिना उतरून खाली गेला होता, पडलेल्या मुकादमाजवळ उभा राहिला होता, आणि मग त्याने जिन्यातला दिवा घालवला होता. पुढे जाऊन परत चादरींच्या घड्या घालत बसला होता. दिवा घालवला होता, हे सगळ्यांना टोचत होतं. सरकारी वकिलांना तर ते हातात आयतं मिळालं होतं. माणूस अंधार कशासाठी करतो, लपवायला. लपवतो कधी, वाईट केलंय हे कळल्यावर. आधीच्या भेटीत तिने विचारलं होतं, दिवा का घालवलात. त्याने घड्या घालता घालता, तिच्याकडे न बघता सांगितलं होतं, "त्यांच्या डोळ्यांवर येत होता." एवढंच. पडलेल्या माणसाचे डोळे उघडे होते, वर बल्ब होता, आणि याला वाटलं होतं की त्यांना उजेडाचा त्रास होतोय. हे कळणाऱ्याचं बोलणं नव्हतं. किंवा असलं तर अशा कळण्याला तिच्या शास्त्रात नाव नव्हतं.

तिने आवाज नेहमीसारखा ठेवला. "जिन्यातला दिवा तुम्ही का घालवलात?" तो तिच्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे, ओठांच्या आसपास कुठेतरी. तिला एकदम आपल्या ओठांचं वजन जाणवलं. जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत आणि तिने ते नीट धरून ठेवायचे असावेत. मग तो म्हणाला, "कुणी बघू नये म्हणून." आणि थांबला. ती काहीच बोलली नाही. "कुणी बघितलं असतं तर पोलीस आले असते," त्याने पुढे जोडलं. तरीही ती बोलली नाही. "ते चूक आहे हे मला माहीत होतं," तो म्हणाला, आणि त्या वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज किंचित वर गेला. पाटीवर शेवटची बेरीज मांडून मूल मास्तरांकडे बघतं, तसा. "बरोबर आलं का, डॉक्टरबाई?"

बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. तिला आत सोडत नसत, तरी प्रत्येक भेटीला ती यायची. दार उघडलं की उठायची. आजही उठली. "नीट दिली ना त्याने उत्तरं?" तिने विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, तुम्हांला माहीत आहे, मी काही सांगू शकत नाही. "मी त्याला बजावून ठेवलंय. म्हटलं, बाई विचारतील ते नीट सांग, वेड्यासारखं काही बोलू नकोस." तिने पदराने कपाळ पुसलं. "माझा मुलगा वेडा नाही हो. तुम्ही तेवढं लिहा. तुरुंगातून माणूस कधीतरी बाहेर येतो. आमच्या शेजारचा आला. पण इथून कुणी आलेलं मी बघितलं नाही." चावीवाला अटेंडंट दार लावत होता. तो सहज म्हणाला, "इथून पण जातात मावशी." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरीण कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेली तेव्हाही ती उभीच होती. त्या बाईचं खोटं नव्हतं. इस्पितळाला सुटकेची तारीख नसते. वर्षअखेरीला कागद पुढे सरकतो, आणखी एक वर्ष. डॉक्टरिणीला पहिल्यांदाच असं वाटलं की, हिने मुलाला जे बजावलं आणि मी त्याला जे बक्षीस दिलं, ते दोन्ही एकाच गोष्टीचं होतं. नीट उत्तर दे. मग देतो तो नीट उत्तर.

घरी आल्यावर तिने चहा टाकला आणि तो गाळायला विसरली. उद्यासाठी अहवाल पुरा करायचा होता. आजच्या प्रश्नाचा भाग झाला होता, खटला चालवण्याइतपत समज आहे. त्या दिवसाच्या प्रश्नापाशी ती अडली. लिहिता येण्यासारखं तिच्याजवळ छान वाक्य तयार होतं. तेच तिला भीती घालत होतं. 'प्रकृतीत सुधारणा झाल्यावर आरोपीने प्रसंगाचा अधिक सुसंगत खुलासा दिला.' हे खोटं नव्हतं. असं होतं. धुक्यात माणूस काहीतरी बोलतो, शुद्धीवर आला की खरं सांगतो. पुस्तकातही तसंच म्हटलं असतं. कुणास ठाऊक, खरंच त्याने लपवायलाच दिवा घालवला असेल, आणि डोळ्यांवर उजेड येण्याची गोष्ट हीच त्याच्या आजाराची थाप असेल. तिला माहीत नव्हतं. तिने खरं लपवलंय असं नव्हतं, खरं कुठलं हे आता कुणालाच कळणार नव्हतं. एका शब्दाने दोन उत्तरं एकमेकांवर सांडली होती, आणि ती पुन्हा वेगळी करता येत नव्हती. शब्द कुणी ऐकला नव्हता. अटेंडंट दाराबाहेर होता. अशा भेटींचं ध्वनिमुद्रण होत नसे, तिच्या टिपणात तो नव्हता, कारण आपण विचारलेलं आणि त्याने सांगितलेलं, एवढंच टिपण्यात येतं. मध्ये आपण जे होतो, ते टिपत नाहीत.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो आठवड्यातून एकदा करायचा, काही कारण नसताना. "काय ताई, कुणाला आत टाकलंस आज?" ती म्हणाली, अजून ठरतंय. "ठरव बाई लवकर. तुझ्यापुढे बसायचं म्हणजे शिक्षाच. मी भोगलीय." तो हसला. लहानपणी त्याचा अभ्यास तिच्याकडे होता. तिला आवडायचा घ्यायला. जेवायच्या टेबलावर, दिव्याखाली, तो उंच खुर्चीवर पाय हलवत आणि ती समोर. त्याला पाढे यायचे नाहीत आणि ती कधी रागवायची नाही. पुन्हा सांगायची, बोटांवर दाखवायची, चमचे मांडून दाखवायची. हळूहळू त्याला सगळं यायला लागलं होतं. आई शेजारणीला सांगायची, हिच्या हाताला गुण आहे. "तुला आठवतं," तिने अचानक विचारलं, "मी तुझे पाढे घ्यायची?" "आठवतं म्हणजे? तुझ्या भुवयांवर तर मी पास झालो." "म्हणजे?" "म्हणजे काय म्हणजे. मी आकडा म्हणत जायचो, चोपन्न, पंचावन्न, छप्पन. छप्पनला तुझी डावी भुवई जराशी वर जायची. की झालं. परीक्षेत आमच्या मास्तरांच्या भुवया हलायच्या नाहीत, म्हणून तर गणितात तेवढे मार्क कमी पडायचे." तो आता मोठ्याने हसत होता. ती हसली नाही. ती म्हणाली, "पण तुला स्वतःला काय वाटायचं? तुझं उत्तर काय असायचं?" मग तो म्हणाला, साधेपणाने, जणू यात विचारण्यासारखं काही नाही, "माझ्याकडे उत्तर नसायचंच ताई. ते तुझ्याकडे असायचं. मी तुझ्या तोंडावरून घ्यायचो, एवढंच." आणि मग म्हणाला, "तू बोलत का नाहीस? माझं काही चुकलं का?"

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. सरांच्या आरशासमोर तिची मान थांबली होती, पण भुवयांकडे सरांचं लक्ष होतं का. ते मागे बसायचे. तेवढ्या लांबून आरशात मान हललेली दिसते, भुवई दिसत नाही. इतक्या वर्षांत तिच्यासमोर किती माणसं बसली, चोर, जाळपोळ करणारे, एक बाई जिने आपल्या मुलीला विहिरीपाशी नेलं होतं, एक म्हातारा जो सगळं नाही नाही म्हणत राहिला. त्यांच्यातल्या किती जणांनी आकडे म्हणत म्हणत तिची भुवई वर जाण्याची वाट पाहिली असेल. ती प्रश्न विचारत होती, आणि समोर तिचाच चेहरा वाचला जात होता. ज्यांना काही कळत नव्हतं त्यांना तरी वाचता आला नसेल, अशी तिने मनाची समजूत घालायला पाहिली. पण धाकट्याला तरी कुठे पाढे कळत होते. कळण्याच्या आधीची गोष्ट असते ही. मूल पाळण्यात असतं तेव्हापासून करतं. आपल्यावर वाकलेल्या तोंडाकडे बघतं आणि त्यातून जग कसं आहे ते घेतं. ते तोंड खूश तर सगळं ठीक. माणूस वेडा झाला म्हणून हे सुटत नाही, कदाचित तेवढंच उरतं. तिने अहवालातलं ते छान वाक्य खोडलं, मग तेच परत लिहिलं, मग पुन्हा खोडलं. तिने स्वतःला विचारलं, हे सांगितलं तर काय होईल. तिचे सगळे जुने अहवाल उघडले जातील असं नाही, पण पुढच्या प्रत्येक खटल्यात कुणी ना कुणी वकील उठून विचारेल, काय बाई, आज कुणाला शाब्बासकी दिलीत का. आणि नाही सांगितलं तर. तर एक माणूस एका वाक्यावर तुरुंगात जाईल. ते वाक्य कदाचित खरं असेल, कदाचित तिच्या तोंडावरून उचललेलं असेल. आणि ते कुठलं हे जगात फक्त तिलाच माहीत नसेल, कारण इतर कुणाला प्रश्नच पडणार नाही.

न्यायालयाच्या कॉरिडॉरमध्ये सरकारी वकील हसतमुख भेटले. मनाने वाईट नव्हते. वर्षानुवर्षांची ओळख होती, त्यांच्या मुलीला मेडिकलला जायचं होतं आणि ते डॉक्टरिणीला तिचे मार्क सांगत असत. "मॅडम, आज तुम्हांला फार वेळ उभं करणार नाही. दिव्याचं विचारतो, तुम्ही उत्तर द्या, मोकळ्या व्हा. जेवायला घरी." तिने मान हलवली, आणि मान हलवल्याचं तिच्या लक्षात आलं. आत दालनात पंखे हळू फिरत होते. आरोपीच्या पिंजऱ्यात तो उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, केस पाण्याने बसवलेले. आई मागच्या बाकावर होती. तो आल्यापासून डॉक्टरिणीकडेच बघत होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन तिने शपथ घेतली. सरकारी वकिलांनी तिचं शिक्षण, तिची वर्षं, तिच्या साक्षी यांबद्दल जे विचारायचं ते विचारलं आणि मग म्हणाले, "आता आरोपीने जिन्यातला दिवा का घालवला, याबद्दल तो तुम्हांला काय म्हणाला?"

"दोन गोष्टी म्हणाला," ती म्हणाली. "आधी म्हणाला, पडलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड येत होता. काल म्हणाला, कुणी बघू नये म्हणून." सरकारी वकील किंचित पुढे झुकले. त्यांनी विचारलं, काल तो आधीपेक्षा बरा होता ना. हो, ती म्हणाली, बराच. "म्हणजे कालचं उत्तर जास्त विश्वासाचं." ती म्हणाली, "नाही. ते धरता येणार नाही." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हात तिने पिंजऱ्याच्या कठड्याखाली घेतले होते. "हा प्रश्न विचारण्याच्या जरा आधी त्याने एक उत्तर चांगलं दिलं, आणि मी त्याला शाब्बास म्हणाले. तसं म्हणायचं नसतं. त्यानंतर तो माझ्या तोंडाकडे बघून उत्तरं देत होता. ती त्याची होती की माझी, मला सांगता येत नाही." दालनात कुणीतरी खोकलं. सरकारी वकील हसले, पण हसण्यात कालपर्यंतचा ओलावा नव्हता. "एका शाब्बासकीने माणूस खुनाची कबुली देतो, असं तुमचं म्हणणं आहे का मॅडम?" ती म्हणाली, "देतो की नाही, तेच मला माहीत नाही. माहीत असतं तर मी उत्तर दिलं असतं." "मग यापूर्वी तुम्ही तपासलेल्या सगळ्यांचं काय?" हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. "तेही मी विचारतेय स्वतःला," ती म्हणाली. मागच्या बाकावरून आईचा आवाज आला, दबका पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "काय करताय बाई हे. त्याने सांगितलं ना नीट."

न्यायाधीश वयस्क होते, एका कानाने कमी ऐकत, म्हणून बोलणाऱ्याकडे मान वाकडी करून बघायची त्यांना सवय होती. त्यांनी सरकारी वकिलांची हरकत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग सांगितलं की, त्या दिवसाच्या प्रश्नासाठी दुसरे डॉक्टर नेमले जातील, सगळं पहिल्यापासून होईल, कालची भेट धरली जाणार नाही. सरकारी वकील खाली बसले आणि कागद आवरू लागले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खरं म्हणजे तिथे सगळं संपलं होतं. तिला वाटलं आता उतरायला सांगतील. पण न्यायाधीश आरोपीकडे वळले, कारण पद्धत अशी होती की हुकूम काय झाला हे आरोपीला सांगायचं, आणि त्याला कळलं का ते विचारायचं. बहुतेक वेळा ते एका वाक्यात उरकतं. आरोपी हो म्हणतो. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, न घाई करता, की आता तुम्हांला दुसरे डॉक्टर भेटतील, ते पुन्हा विचारतील, तोवर तुम्ही इस्पितळातच राहाल. "काय ठरलं ते कळलं का तुम्हांला?"

तो न्यायाधीशांकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. तिच्या तोंडाकडे, त्याच जागी. साक्षीदाराचा पिंजरा आणि आरोपीचा पिंजरा समोरासमोर होते, मध्ये फक्त टेबलं होती, आणि दुपारचा उजेड तिच्यावरच पडत होता. तिला कळलं की आपण काहीही केलं तरी ते उत्तर होणार. स्थिर राहिलो तरी तो त्यात काहीतरी शोधेल. डोळे मिटले तर ते रागावणं होईल. कोरा चेहरा नावाची गोष्ट नसते, सर, असं तिने मनात म्हटलं, आणि सरांना ते ऐकू गेलं असतं तर बरं असं तिला वाटलं. मग ती पूर्ण वळली. न्यायालयाकडे पाठ करणं बरं दिसत नाही हे तिला माहीत होतं, तरी वळली, मागच्या भिंतीकडे, जिथे तेलकट हिरव्या रंगाचा पोपडा सुटला होता आणि त्याखाली जुना पिवळा दिसत होता. शिपाई काहीतरी पुटपुटला. न्यायाधीशांनी हात वर केला असावा, कारण तो गप्प झाला. मागून आई म्हणाली, "हो म्हण ना रे," आणि तिलाही कुणीतरी गप्प केलं.

पंख्याचा आवाज, बाहेर गाड्यांचा. तिला त्याचे हात ऐकू आले, कठड्यावर घडी घालत असलेले, कापडाशिवाय. मग तेही थांबले. "नाही," तो म्हणाला. न्यायाधीशांनी विचारलं, काय नाही. "नाही कळलं, साहेब. तुम्ही सगळे माझ्याबद्दल बोलताय, एवढं कळतं." त्याचा आवाज वर गेला नव्हता, तो सपाट होता. आवाजात कुणाकडून काही हवं असल्याचा मागमूस नव्हता. "एक विचारू का?" न्यायाधीश म्हणाले, विचारा. आणि तिला जाणवलं की इतक्या भेटींत त्याने तिला एकच प्रश्न विचारला होता, बरोबर आलं का. बाकी सगळं त्याने सांगितलं होतं, नाहीतर तिने विचारलं होतं.

"मुकादम मेले का?" तो म्हणाला.

आरोपपत्र त्याला वाचून दाखवलं होतं. त्यात तो शब्द होता, तिच्या अहवालांत होता, सरकारी वकिलांनी आज सकाळपासून तो कितीदा उच्चारला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण असं समोर उभं राहून, त्याच्याकडे बघून, कुणी सांगितलं होतं का. ती आठवू लागली, एकेक भेट, एकेक प्रश्न, आणि तिला आठवेना. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाचं तोंड उघडत नव्हतं.

"हो," शेवटी न्यायाधीश म्हणाले. "ते गेले."

त्यावर त्याचं काय झालं, त्याच्या तोंडावर काय आलं, हे तिला दिसलं नाही. ते बघायचं तिचं काम होतं, आणि तिने ते आयुष्यभर केलं होतं. तिच्या मानेतली शीर दुखेपर्यंत तिला वळावंसं वाटत होतं. मागे एक आवाज आला. रडण्याचा असेल, किंवा एखादा माणूस खूप वेळ उभा राहून खाली बसतो त्याचा असेल. ती भिंतीकडे बघत उभी राहिली.